उणे चाळीस डेसिबलचा मोह

मिलिमीटर लहरींच्या अँटेनावर आपल्याकडे लिहिला जाणारा शोधनिबंध ओळखायला फार वाचावे लागत नाही. शीर्षकात २८ गिगाहर्ट्झ असते, फाइव्ह-जी असते आणि 'नावीन्यपूर्ण' हा शब्द असतो. पहिल्या परिच्छेदात वाढत्या डेटाची भूक येते. दुसऱ्या पानावर तांब्याच्या चौकोनी तुकड्याची आकृती आणि त्यात यू किंवा ई या इंग्रजी अक्षराच्या आकाराची एक खाच. तिसऱ्या पानावर निबंधाचा नायक, म्हणजे आलेख. एक रेषा डावीकडून सपाट चालत येते, बरोबर २८ वर विहिरीत पडल्यासारखी कोसळते आणि पुन्हा वर चढते. विहिरीच्या तळाशी आकडा असतो : उणे चाळीस डेसिबल. कधी उणे पंचेचाळीस, कधी उणे बावन्न. शेवटी एक तक्ता, ज्यात लेखकाचा अँटेना आधीच्या सगळ्यांना मागे टाकतो, आणि निष्कर्षात 'हा अँटेना फाइव्ह-जीसाठी अत्यंत योग्य आहे' असे वाक्य.

माझा कोणत्याही विद्यापीठाशी संबंध नाही. हे निबंध मला तपासावे लागत नाहीत. मी ते आवडीने वाचतो. त्यामुळे त्यांच्याविषयी तक्रार करताना माझे काही अडलेले नाही. तक्रार अशी आहे की, या लेखनाने एक सोपा आकडा निवडला आणि त्याला अवघड आकड्याच्या जागी बसवले. अँटेना किती लहर हवेत सोडतो, कोणत्या दिशेला सोडतो आणि दिलेल्या शक्तीतली किती शक्ती वाटेत उष्णता होऊन जाते, हे अवघड प्रश्न आहेत. दाराशी आलेली शक्ती किती परत फिरली, हा सोपा प्रश्न. उणे चाळीस हे सोप्या प्रश्नाचे उत्तर आहे.

आधी लहरींच्या मापाविषयी. ३० ते ३०० गिगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या लहरींची लांबी १० ते १ मिलिमीटर असते, म्हणून त्या मिलिमीटर लहरी. मोबाइलवाले २४ गिगाहर्ट्झपासून पुढच्या पट्ट्यालाही त्याच नावाने ओळखतात. २८ गिगाहर्ट्झला लांबी १०.७ मिलिमीटर, ६० ला ५. मराठी वाचकाला या मापाची कल्पना यावी म्हणून नारायणगावजवळच्या खोडदची महादुर्बीण घेऊ. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीची भोके मध्याजवळ १० मिलिमीटरची, कडेला २० मिलिमीटरपर्यंतची. ही दुर्बीण ज्या लहरी पकडते त्या सर्वात आखूड असतात तेव्हाही २० सेंटिमीटरच्या घरात असतात; त्यांना ही जाळी सलग आरशासारखी वाटते. गोविंद स्वरूपांनी वजन, वारा आणि खर्च यांतून काढलेली ही वाट होती. पण २८ गिगाहर्ट्झची लहर त्या जाळीवर सोडली तर ती भोकांतून आरपार जाऊ लागेल. जो आरसा एका लहरीसाठी गुळगुळीत आहे, तोच दुसरीसाठी चाळण. या पट्ट्यात काम करताना हे सतत लक्षात ठेवावे लागते : शून्य पूर्णांक एक मिलिमीटर हे इथे मोठे माप आहे.

या लहरींविषयी एक समज निबंधांच्या प्रस्तावनेत आणि वर्तमानपत्रांतही सर्रास आढळतो. वारंवारता वाढली की लहर हवेत लवकर 'मरते', असा. मोकळ्या हवेत तसे काही होत नाही. हॅराल्ड फ्रीस यांनी बेल प्रयोगशाळेत काम करत असताना १९४६ साली जे छोटे सूत्र प्रसिद्ध केले, त्यात वारंवारतेबरोबर वाढणारा तोटा दिसतो खरा. पण तो अँटेनाच्या आकाराचा परिणाम आहे. समान गेनचा अँटेना दसपट वारंवारतेला केला, तर त्याचे लहर गोळा करणारे क्षेत्रफळ शंभरपट कमी होते. अंगणात बादलीऐवजी वाटी ठेवली आणि पाणी कमी जमले, तर पाऊस कमी पडला असे कुणी म्हणत नाही. दोन्ही टोकांना आधीएवढेच क्षेत्रफळ ठेवले, तर उलट आखूड लहर जास्त शक्ती पोचवते. मात्र त्या क्षेत्रफळात शेकडो छोटे अँटेना एकत्र चालवावे लागतात, झोत सुईसारखा अरुंद होतो आणि तो ग्राहकाकडे वळवत राहावे लागते. खरा तोटा होतो तो भिंत, झाडाची पाने, पाऊस आणि माणसाचा हात यांच्यामुळे; शिवाय ६० गिगाहर्ट्झला हवेतला ऑक्सिजनच दर किलोमीटरला सुमारे १५ डेसिबल गिळतो. हे नीट समजले तर अँटेना हा या सगळ्या व्यवहारातला किरकोळ भाग नाही, हे आपोआप कळते. मग त्याच्याविषयीचे दावेही तितक्याच काटेकोरपणे पाहावे लागतात.

आता त्या विहिरीकडे येऊ. अँटेनाला दिलेल्या शक्तीपैकी किती परत आली, हे तो आलेख सांगतो. उणे १० डेसिबल म्हणजे दहा टक्के परत आली, नव्वद टक्के आत गेली. उणे २० म्हणजे एक टक्का परत. उणे ४० म्हणजे एक टक्क्याचा शंभरावा भाग. (या राशीला 'रिटर्न लॉस' म्हणत असल्यास तो तोटा असल्याने आकडा धन लिहायला हवा, उणे लिहायचा असेल तर ती परावर्तनाची राशी झाली. ट्रेव्हर बर्ड या संपादकांना २००९ साली या एवढ्याशा गोष्टीवर स्वतंत्र लेख लिहावा लागला होता. आपल्याकडे तो फारसा कुणी वाचलेला दिसत नाही, पण हा वाद निदान निरुपद्रवी आहे.) उणे १० वरून उणे ४० वर येण्यासाठी विद्यार्थी महिनोन् महिने खाचेची लांबी अर्ध्या दशांश मिलिमीटरने हलवत बसतो. त्यातून मिळते काय? आत जाणारी शक्ती ९० टक्क्यांवरून ९९.९९ टक्क्यांवर जाते. डेसिबलमध्ये हा फायदा अर्ध्यापेक्षाही कमी आहे. फोनवर बोलणाऱ्याला तो कधीही जाणवणार नाही.

मुख्य आक्षेप मात्र याच्या पुढचा आहे. आत गेलेली शक्ती बाहेर पडली, असे हा आलेख सांगत नाही. प्रत्येक मोजणी संचाच्या डबीत ५० ओहमचा एक छोटा पितळी तुकडा असतो, मॅच्ड लोड नावाचा. त्याचे कामच आलेली सगळी शक्ती गिळून गरम होणे हे आहे. त्याची विहीर कुठल्याही पॅच अँटेनापेक्षा खोल आणि रुंद असते. रिटर्न लॉसवर स्पर्धा लावली तर पहिला क्रमांक या तुकड्याचा येईल, आणि तो अँटेना नाही.

हे उदाहरण टोकाचे वाटत असेल तर एफआर-४ चे पाहू. एफआर-४ म्हणजे आपल्या रेडिओ-टीव्हीच्या आतली ती परिचित हिरवी पाटी : काचतंतू आणि इपॉक्सी, स्वस्त, कुठेही मिळणारी. तिचा डायलेक्ट्रिक लॉस टँजंट ०.०२ च्या आसपास असतो. हिशेब केला तर २८ गिगाहर्ट्झला या पाटीवरची पट्टी दर सेंटिमीटरला सुमारे एक डेसिबल खाते, तांब्यातला तोटा वेगळा. कनेक्टरपासून पॅचपर्यंत दोन सेंटिमीटरची पट्टी असेल तर दोन डेसिबल गेले, म्हणजे शक्तीतला एक तृतीयांशाहून मोठा भाग अँटेनापर्यंत पोचण्याआधीच उष्णता झाला. आणि गंमत अशी की, या तोट्याने आलेख सुधारतो. परत येणाऱ्या लहरीलाही तीच पट्टी पार करावी लागते, त्यामुळे एक डेसिबलचा तोटा आलेखात दोन डेसिबलची सुधारणा म्हणून दिसतो. पट्टी पाच सेंटिमीटर लांब ठेवा आणि पॅच कापूनच टाका. टोकाशी काहीही नसताना, सगळीच्या सगळी लहर परत फिरत असतानाही यंत्र उणे १० च्या आसपास आकडा दाखवेल. उणे १० ही तर या निबंधांतली 'उत्तीर्ण' होण्याची रेघ आहे! नसलेला अँटेनाही ती गाठू शकतो.

महागडी पाटी वापरली तर हा प्रश्न सुटतो. रॉजर्सच्या ड्युरॉइड ५८८० चा लॉस टँजंट ०.०००९ आहे, म्हणजे वीसपटीहून कमी. बऱ्याच निबंधांत तीच वापरलेली असते, निदान संगणकात. पण मग प्रश्न येतो कनेक्टरचा. या पाटीवर २८ गिगाहर्ट्झचा पॅच साडेतीन-चार मिलिमीटरचा, मसुरीच्या डाळीएवढा. त्याला जोडलेल्या चार स्क्रूंच्या प्रचलित एसएमए कनेक्टरची नुसती चौकोनी पाटीच अर्ध्या इंचाची. डाळीच्या दाण्याला पितळी बिजागरी लावावी तसा हा प्रकार. शिवाय साधा एसएमए १८ गिगाहर्ट्झपर्यंतच भरवशाचा; २८ साठी २.९२ मिलिमीटरचा कनेक्टर हवा, जो ४० पर्यंत चालतो, आणि ६० गिगाहर्ट्झसाठी १.८५ मिलिमीटरचा. एसएमए आणि २.९२ एकमेकांत सहज बसतात, त्यामुळे छायाचित्रात फरक ओळखू येत नाही आणि दुकानातल्या किमतीत मात्र लगेच येतो. निबंधात कनेक्टरचा उल्लेखच नसेल, तर अँटेनाचा 'मोजलेला' आलेख नेमका कशाचा आहे, हे वाचकाने कसे ठरवायचे? कनेक्टरही लहर सोडतो, अडवतो, परतवतो. मोठ्या आकाराचा असल्यामुळे कधी कधी तो पॅचपेक्षा जास्तच काम करतो.

तांब्याचेही तसेच. २८ गिगाहर्ट्झला विद्युतप्रवाह तांब्याच्या वरच्या सुमारे ०.४ मायक्रॉन थरातच वाहतो. पाटीला चिकटावे म्हणून तांब्याच्या पत्र्याची खालची बाजू मुद्दाम खरबरीत ठेवतात, आणि तो खरबरीतपणा मायक्रॉनभर किंवा त्याहून जास्त असतो. सपाट रस्त्याऐवजी प्रवाहाला घाट चढून-उतरून जावे लागते. संगणकातल्या आकृतीत तांबे आरशासारखे गुळगुळीत असते. नक्षी कोरताना कड ०.१ मिलिमीटर आत सरकली तर पॅचची वारंवारता जवळपास तीन टक्के सरकते, म्हणजे ८०० मेगाहर्ट्झ. पातळ पाटीवरच्या पॅचची एकूण रुंदीच अनेकदा तेवढी असते. ती सुरेख विहीर मग ज्या पट्ट्यासाठी खणली, त्या पट्ट्यातच नसते.

सिम्युलेशनच्या विरोधात माझे काही म्हणणे नाही. एचएफएसएस किंवा सीएसटीसारखी साधने मॅक्सवेलची समीकरणे चोख सोडवतात. त्यांना दिलेल्या वस्तूचे ते बरोबर उत्तर देतात. त्यांना दिलेली वस्तू टेबलावरच्या वस्तूसारखी नसते, अडचण तिथे आहे. संगणकाचे उत्तर हे भाकीत आहे, आणि भाकीत म्हणून ते छापायला काहीच हरकत नाही. हरकत शेवटच्या तक्त्याला आहे. त्यात स्वतःचा संगणकातला गेन आणि इतरांचा प्रयोगशाळेत मोजलेला गेन एकाच रकान्यात शेजारी शेजारी बसवलेले असतात. एकाने घरच्या तराजूवर डोळ्यांनी अंदाज केला, दुसऱ्याने बाजार समितीच्या काट्यावर वजन केले, आणि मग दोन पोत्यांची तुलना. शिवाय 'गेन' म्हणजे कोणता? प्रमाण व्याख्येतल्या गेनमध्ये परत फिरलेल्या शक्तीचा तोटा धरत नाहीत. तो धरलेला 'रिअलाइज्ड गेन' वेगळा. तक्त्यात दोन्ही सरमिसळ असतात. आणि प्रारणाचा गोलाकार आलेख 'नॉर्मलाइज्ड' करून, म्हणजे सर्वोच्च बिंदूला शून्य मानून छापला, की खरा आकडा पानावरून नाहीसाच होतो. आकार उरतो, मोजमाप जाते.

यावर ठरलेले उत्तर मिळते : आमच्याकडे साधने नाहीत. हे उत्तर अर्धे खरे आहे. ४० किंवा ६७ गिगाहर्ट्झपर्यंतचा व्हेक्टर नेटवर्क ॲनलायझर बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्यात नाही. लहरी शोषणाऱ्या सुळक्यांनी मढवलेला ॲनेकोइक कक्ष त्याहून नाही. पदोन्नतीसाठी निबंधांची संख्या मोजली जात असताना प्राध्यापकाने वर्षभर एका मोजणीसाठी रांगेत थांबावे, अशी अपेक्षा करणेही सोपे नाही. हे सगळे मान्य करून मी याच निबंधांच्या पहिल्या पानाकडे बोट दाखवतो. तिथे बऱ्याचदा जगदीशचंद्र बोस असतात.

फाइव्ह-जीवरच्या मराठी लेखांतही बोस हटकून येतात. 'जग आज जे करते आहे ते आपल्या बोसांनी सव्वाशे वर्षांपूर्वी केले', या थाटात. कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये १८९५ साली दूरवरून घंटा वाजवली आणि दारू उडवली, मार्कोनीने श्रेय नेले, २०१२ साली आयईईईने त्यांच्या कामाला 'माइलस्टोन' म्हणून मान दिला. घटना खऱ्या आहेत. फाइव्ह-जीचे जनक हे बिरूद मात्र पोकळ आहे. ठिणगीतून निघालेल्या त्या लहरींवर माहितीचा प्रवाह चढवण्याची सोय नव्हती, आणि संदेशवहनाचा धंदा बोसांनी स्वतःच पुढे नेला नाही. काही वर्षांत ते वनस्पतींच्या प्रतिसादाकडे वळले. पण मला खटकते ते बिरूद नाही. खटकते ते हे की, घंटा आणि दारू यांच्या गोष्टीत बोसांचे खरे काम झाकले जाते.

२९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारच्या सायंव्याख्यानात त्यांनी जे मांडले ते मुख्यतः मोजण्याचे यंत्र होते. एका बाजूला लहर सोडणारी नळी. भटकी लहर ग्राहकापर्यंत पोचून मोजणी बिघडवू नये म्हणून ठिणगीचे सगळे सामान धातूच्या पेटीत बंद. मध्ये फिरता मंच, त्यावर लोलक किंवा स्फटिक ठेवायची सोय. दुसऱ्या बाजूला नरसाळ्यासारखे तोंड असलेला ग्राहक, म्हणजे आजच्या भाषेत हॉर्न अँटेना, आणि त्याला जोडलेला गॅल्व्हानोमीटर. कोन बदला, आकडा नोंदवा, पुन्हा बदला. लहरीची लांबी त्यांनी वक्र जाळीने मोजली. २५ पासून ५ मिलिमीटरपर्यंत. गंधकाचा अपवर्तनांक काढला. ध्रुवीकरण तपासायला त्यांनी ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक घेतले आणि पानांमध्ये कथिलाचा वर्ख घातला. पानांना समांतर कंपन करणारी लहर अडते, काटकोनातली पार होते. पुढे तागाच्या पिळलेल्या पेंढ्या वापरून कंपनाची पातळी डावी-उजवीकडे फिरवता येते हे दाखवले. दोन लोलकांमधली फट कमी-जास्त करून लहरीची तीव्रता नेमकी बदलणारे साधन त्यांनी केले. अमेरिकेतले रेडिओखगोलशास्त्रज्ञ डी. टी. एमर्सन यांनी १९९७ साली बोसांच्या कामावर लिहिताना नमूद केले की, त्याच तत्त्वाचा उपयोग किट पीकवरच्या १२ मीटर दुर्बिणीच्या १.३ मिलिमीटर लहरींच्या ग्राहकात होत होता.

वेळापत्रक, वर्ख, ताग. प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या माणसाकडे तेव्हा कोणता ॲनेकोइक कक्ष होता? त्यांचा एकही प्रयोग 'लहर आत गेली' एवढ्यावर थांबत नाही. लहर बाहेर पडली का, कुठे गेली, कोणत्या पातळीत कंपन करत गेली, हे ते पाहतात. प्रस्तावनेत त्यांना वंदन करणाऱ्या निबंधात यातले एकही पाहिलेले नसते, तेव्हा ते वंदन कोणत्या कामाला होते, हे मला खरेच कळत नाही.

आजच्या साधनांत थोडक्यात काय करता येते, हेही सांगायला हवे. नुसते दोष काढून भागणार नाही. यंत्र एका दिवसासाठी भाड्याने किंवा ओळखीने मिळाले तरी पुष्कळ होते. एकाच पाटीवर एकसारखे दोन अँटेना काढायचे. ते समोरासमोर एक मीटरवर ठेवायचे. २८ गिगाहर्ट्झला एक मीटरचा मोकळ्या हवेतला तोटा ६१.४ डेसिबल येतो. संगणकाने प्रत्येक अँटेनाचा रिअलाइज्ड गेन ७ सांगितला असेल, तर यंत्रावर उणे ४७.४ दिसायला हवे. उणे ५१.४ दिसले, तर गेन प्रत्येकी ५ आहे आणि हरवलेले दोन डेसिबल शोधायचे आहेत. या शोधात विद्यार्थी जेवढे शिकेल तेवढे पंचवीस विहिरी खणून शिकणार नाही. दोन अँटेना एकसारखे नसल्याची शंका असेल तर तिसरा घ्यावा आणि तीन जोड्या मोजाव्यात. तीन अज्ञात, तीन समीकरणे.

खोलीतली परावर्तने कशी ओळखायची? एक अँटेना मिलिमीटर-मिलिमीटरने मागे न्यावा. आकडा सावकाश उतरत गेला तर ठीक. दर पाच-सव्वापाच मिलिमीटरला, म्हणजे अर्ध्या लहरीला, तो हेलकावे खाऊ लागला, तर सरळ येणाऱ्या लहरीबरोबर दोन अँटेनांमध्ये मागे-पुढे उड्या मारणारी लहरही मिसळते आहे. कनेक्टर किती गडबड करतो हे पाहायला त्यावर शोषक फोमचा तुकडा झाकावा आणि आलेख बदलतो का ते पाहावे. बदलला, तर आधीचा आलेख पॅच आणि कनेक्टर या जोडीचा होता. केबल हलवू नये. वाकलेल्या केबलमुळे कला बदलते. जिथे कलाही हवी असते, तिथे ६० गिगाहर्ट्झला अँटेना जागेवरून ०.१ मिलिमीटर हलला तर सात अंशांची चूक होते. अंतराचेही भान हवे. अँटेनाच्या रुंदीच्या वर्गाची दुप्पट भागिले लहरीची लांबी, इतक्या अंतरापलीकडेच झोताचा खरा आकार दिसतो. १० सेंटिमीटरच्या ॲरेला २८ गिगाहर्ट्झवर हे अंतर दोन मीटरच्या आत येते, पण ३० सेंटिमीटरच्या ॲरेला ६० वर ३६ मीटर. एवढी खोली कुणाकडेच नसते. मग परावर्तकाने लहर सपाट करणाऱ्या किंवा अँटेनाच्या अगदी जवळ फिरून मोजणाऱ्या पद्धती येतात, आणि त्या खरोखर महाग आहेत. पण पदव्युत्तर प्रकल्पाचा एकटा पॅच ३० सेंटिमीटरचा नसतो. त्याला टेबल पुरते.

मोजण्यावर उभ्या राहिलेल्या संशोधनाचे उदाहरण याच पट्ट्यात आहे. सेल्युलर फोनसाठी मिलिमीटर लहरी चालतील यावर दहा-पंधरा वर्षांपूर्वी फार थोड्यांचा विश्वास होता. टेड रॅपापोर्ट आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क आणि ऑस्टिनच्या रस्त्यांवर २८ आणि ३८ गिगाहर्ट्झला फिरते हॉर्न लावून मोजण्या केल्या आणि २०१३ साली 'हे चालेल' अशा शीर्षकाचा निबंध प्रसिद्ध केला. इमारतीची रंगीत काच ४० डेसिबलच्या आसपास अडवते आणि साधी काच चारेक, असे आकडे त्यातून आले. त्यात एकही नवा अँटेना नव्हता. माहितीतले गेन असलेले साधे हॉर्न होते, आणि ते फिरवण्याची चिकाटी.

उद्योगाने तर हा प्रश्न वेगळ्याच टोकाला नेऊन ठेवला आहे. या पट्ट्याच्या फोनमध्ये अँटेना आणि त्याला चालवणारी चिप एकाच तुकड्यात बांधलेली असते. मध्ये कनेक्टर लावायला जागाच नाही. त्यामुळे थ्रीजीपीपीच्या मानकांत या पट्ट्यातल्या उपकरणांची तपासणी हवेतूनच करायची असते. ज्या आलेखावर आपले निबंध उभे आहेत, तो आलेख काढायला तयार फोनवर टोकच उरलेले नाही. हातात धरायच्या फोनसाठी या मानकात दोन आकडे आहेत. सर्वोत्तम दिशेला फोनने किमान २२.४ डीबीएम इतकी परिणामी शक्ती सोडावी. आणि फोनभोवतीच्या गोलातल्या निदान अर्ध्या दिशांना ती ११.५ डीबीएमपेक्षा कमी नसावी. दोन आकड्यांत जवळपास ११ डेसिबलचे, म्हणजे बारापटीचे अंतर आहे. फोन खिशातून कसा काढला जाईल, टॉवर कोणत्या बाजूला असेल, बोट नेमके कशावर येईल, हे कुणाला ठाऊक नसते. म्हणून शिखराबरोबर अर्ध्या गोलाचीही हमी मागितली आहे.

भारतात २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात विकला गेला आणि हे दोन आकडे त्या पट्ट्यालाही लागू आहेत. आपल्या निबंधांच्या शेवटच्या तक्त्यात वारंवारता, आकार, विहिरीची खोली, बँडची रुंदी आणि शिखराचा गेन यांचे रकाने असतात. गोलाच्या राहिलेल्या दिशांसाठी रकाना मी अजून तरी पाहिलेला नाही.